नागपूरचा कर्नल, इंदूरचा संघ
भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांच्या कारकिर्दीतून उलगडणारा मध्य भारतातील क्रिकेट संघांचा इतिहास

भारतीय क्रिकेटच्या इतिहासात पहिला कसोटी कर्णधार म्हणून ज्यांचे नाव कायमचे कोरले गेले, ते कर्नल सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. त्यांचा जन्म नागपुरात झाला, शिक्षण नागपुरात झाले आणि खेळाचे पहिले धडेही त्यांनी याच शहरातील मैदानांवर गिरवले. मात्र, क्रिकेटच्या जगात त्यांची ओळख निर्माण झाली ती इंदूरच्या होळकर संघामुळे. नागपूरच्या या सुपुत्राला आपल्या कर्तृत्वाचा बहर दुसऱ्या शहराच्या संघात दाखवावा लागला. असे का घडले, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात तर आहेच, पण त्या काळात संघ कोण उभे करीत असे आणि कोणाच्या बळावर ते टिकत असत, या प्रश्नातही ते दडलेले आहे.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी झाला. घराणे मूळचे तेलुगू. परंतु दोन पिढ्यांपासून ते नागपूरच्या सार्वजनिक जीवनात स्थिरावलेले होते. आजोबा नारायणस्वामी नायडू हे नामांकित वकील आणि जमीनदार. १८९१ मध्ये नागपुरात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. वडील सूर्यप्रकाशराव हे केंब्रिजमध्ये शिकलेले कायदेपंडित. रणजितसिंहजी ज्या काळात केंब्रिजमध्ये आपल्या फलंदाजीने इंग्रजांना चकित करीत होते, त्याच काळात सूर्यप्रकाशरावही तेथे होते. पुढे होळकर संस्थानच्या उच्च न्यायालयात ते न्यायाधीश झाले. घरात इंग्रजी शिक्षण होते, सुबत्ता होती आणि क्रिकेटची आवडही होती. सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एल., सी. आर. आणि सी. एस. हेही पुढे प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले.

शाळा आणि क्लब

विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. या विस्तीर्ण प्रांतात आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचा मिळून बनलेला चांदा जिल्हाही होता. वर्धा नदीकाठच्या घुग्घुसचा कोळशाचा पट्टा आणि त्यापलीकडचे जंगल हे सारे नागपूरच्या सचिवालयाच्या अखत्यारीत येत असे. प्रशासनाचा नकाशा मोठा असला, तरी क्रिकेटचा नकाशा मात्र फारच लहान होता. साहेबांची छावणी, मिशनरी शाळा, महाविद्यालये आणि शहरातील हौशी मंडळींचे क्लब एवढ्यापुरताच हा खेळ मर्यादित होता. खाणीतल्या मजुराच्या किंवा खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला चामड्याचा चेंडू हाती घेण्याची संधी मिळणे दुरापास्तच होते.

स्कॉटिश मिशनरी आणि भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने चाललेल्या शाळेत सी. के. शिकले. हिस्लॉप कॉलेजिएट शाळेच्या संघात ते अगदी लहान वयात आले आणि पुढे त्याचे कर्णधार झाले. शाळेनंतर शहरातील मोदी क्रिकेट क्लबकडून ते खेळू लागले. उंच, सडपातळ, ताठ बांध्याचा हा तरुण खेळाडू फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्ही बाबतींत आपल्या वयाच्या मुलांपेक्षा कितीतरी पुढे होता. परंतु, नागपूरच्या क्लब क्रिकेटची शिडी शहरापाशीच संपत होती. प्रांताचा असा संघ नव्हता, प्रांताप्रांतांतील स्पर्धा नव्हती आणि राष्ट्रीय संघ ही तर कल्पनाही अद्याप रुजायची होती. अखिल भारतीय पातळीवर चमकायचे, तर खेळाडूला मुंबई गाठावी लागे.

धर्माच्या नावावर संघ

मुंबईत त्या वेळी चौरंगी स्पर्धेचा बोलबाला होता. युरोपियन आणि पारशी यांच्यातील सामन्यांनी सुरू झालेली ही परंपरा १९०७ मध्ये हिंदू संघाच्या प्रवेशाने तिरंगी आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या प्रवेशाने चौरंगी झाली. खेळाडूची निवड तो कोणत्या गावचा यावरून नव्हे, तर तो कोणत्या धर्माचा यावरून होत असे. त्यामुळेच नागपूरच्या खेळाडूलाही मुंबईच्या मैदानावर हिंदू संघाकडून खेळण्याची वाट मोकळी होती.

१९१६ मध्ये सी. के. नायडू यांनी युरोपियनांविरुद्ध हिंदू संघाकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. हिंदूंची अवस्था ७ बाद ७९ अशी बिकट झालेली असताना एकवीस वर्षांचा हा अनोळखी तरुण खेळपट्टीवर आला. समोर फ्रँक टॅरंटसारखा कसलेला गोलंदाज होता. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे खेळून काढले आणि चौथा थेट षटकारासाठी भिरकावून दिला. पुढच्या साऱ्या कारकिर्दीची नांदी त्या एका फटक्यात होती. गोऱ्या साहेबांच्या संघाविरुद्ध खेळताना भारतीय फलंदाजाने बचावाचाच विचार करावा, हा जणू अलिखित संकेत होता. नायडू यांनी तो पहिल्याच सामन्यात झुगारून दिला.

त्यानंतरची दहा वर्षे मुंबईतील प्रेक्षकांनी त्यांच्या फलंदाजीची वाट पाहण्यात घालविली. १९२६ च्या अखेरीस आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली मेरिलबोन क्रिकेट क्लबचा म्हणजेच एमसीसीचा संघ भारताच्या दौऱ्यावर आला. १ डिसेंबर रोजी मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना सी. के. नायडू यांनी १५३ धावांची वादळी खेळी केली. दोन तासांहून कमी वेळात झालेल्या या खेळीत ११ षटकार आणि १३ चौकार होते. एका डावातील षटकारांचा तो त्या वेळचा विक्रम ठरला. एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. त्याच दौऱ्यात प्रा. दि. ब. देवधर यांनी पाहुण्यांविरुद्ध १४८ धावा केल्या. या दोन खेळींनी भारतीय क्रिकेटपटू कसोटी सामन्यांना योग्य आहेत, हे गिलिगन यांना पटवून दिले, असे क्रिकेटचे इतिहासकार मानतात. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली.

धर्मानुसार संघ पाडण्याच्या या पद्धतीने खेळाडूंना मोठे मैदान दिले, हे खरे. पण देशात वाढत जाणाऱ्या दुहीच्या वातावरणात तिच्यावर टीकाही होऊ लागली. १९३७ मध्ये उरलेल्या समाजांचा पाचवा संघ सामील होऊन ही स्पर्धा पंचरंगी झाली. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्याला महात्मा गांधींच्या भेटीस गेले, तेव्हा गांधीजींनी जातीय पायावरील सामन्यांना आपला विरोध स्पष्ट केला. त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धेत भाग घेतला नाही. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद करण्यात आली. नायडू ज्या पायरीवरून वर चढले, ती पायरी अशा रीतीने इतिहासजमा झाली.

संस्थानिकाचा आश्रय

१९२३ हे वर्ष सी. के. नायडू यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी त्यांना आपल्या पदरी बोलावले आणि संस्थानच्या सैन्यात अधिकाराचे पद दिले. पुढे ते कर्नल झाले आणि हीच पदवी त्यांच्या नावाला अखेरपर्यंत चिकटली. अठ्ठाविशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या खेळाडूने नागपूर सोडले, ते उपजीविकेसाठी आणि खेळासाठीही.

त्या काळी क्रिकेटवर पोट भरणे शक्य नव्हते. सामन्याचे मानधन ही गोष्ट अस्तित्वात नव्हती. खेळाडूला नोकरी हवी आणि ती नोकरी सरावाला, प्रवासाला मुभा देणारी हवी. अशी नोकरी त्या दिवसांत देऊ शकत होते ते संस्थानिकच. पतियाळा, बडोदा, नवानगर, इंदूर या संस्थानांनी खेळाडूंना सैन्यात, पोलिसात किंवा दरबारी सेवेत सामावून घेतले. त्यामागे खेळाचे प्रेम होते, तशीच प्रतिष्ठेची चढाओढही होती. मध्य प्रांत हा थेट ब्रिटिश अमलाखालील मुलूख. तेथे गव्हर्नर होता, सचिवालय होते; पण खेळाडूला पोसणारा दरबार नव्हता. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५३ मध्येच खालसा झाले होते. नागपूरने खेळाडू घडवावा आणि इंदूरने तो सांभाळावा, हे घडले ते या परिस्थितीमुळे.

लॉर्ड्सवरचे नेतृत्व

संस्थानिकांचा हा आश्रय दुधारी होता. भारतीय संघ १९३२ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा कर्णधार राजघराण्यातलाच असला पाहिजे, असा आग्रह होता. पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे राजपुत्र घनश्यामसिंहजी उपकर्णधार म्हणून गेले. मैदानावर मात्र या मंडळींची मर्यादा लवकरच उघड झाली. मे महिन्यात सी. के. नायडू यांनी लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध नाबाद ११८ धावा फटकावल्या आणि संघातील अव्वल खेळाडू कोण, याविषयी शंका उरली नाही. एकमेव कसोटीच्या वेळी लिंबडीचे राजपुत्र दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत आणि पोरबंदरच्या महाराजांनी स्वतः बाजूला होऊन कर्णधारपद नायडू यांच्याकडे सोपविण्याचा उमदेपणा दाखविला. एका सामान्य घरातील माणसाच्या हाताखाली खेळण्यास काही खेळाडू नाखूश होते. सामन्यापूर्वी त्यांची समजूत काढावी लागली.

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. महंमद निसार आणि अमरसिंग यांच्या भेदक माऱ्यापुढे इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ अशी झाली, तेव्हा प्रेक्षक अवाक् झाले. इंग्लंडने सावरून २५९ धावा केल्या. क्षेत्ररक्षण करताना नायडू यांच्या हाताला दुखापत झाली होती; तरीही भारताच्या १८९ धावांच्या पहिल्या डावात सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. भारत १५८ धावांनी पराभूत झाला. परंतु, नवख्या संघाने तीन दिवस दिलेल्या झुंजीचे कौतुक झाले.

संपूर्ण दौऱ्यात नायडू यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. छत्तिसाव्या वर्षी, परक्या हवामानात, आठवड्यातून सहा दिवस खेळून केलेली ही कामगिरी थक्क करणारी होती. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर त्यांनी मारलेला एक चेंडू लगतची नदी ओलांडून पलीकडच्या परगण्यात जाऊन पडला, अशी आख्यायिका क्रिकेटरसिक आजही सांगतात. विस्डेन या क्रिकेटच्या प्रतिष्ठित वार्षिकाने १९३३ च्या अंकात वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंमध्ये त्यांचा समावेश केला.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांचा संघ भारतात आला, तेव्हा तिन्ही कसोटींत नायडूच कर्णधार होते. भारतीय भूमीवरची पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये मुंबई जिमखान्यावर झाली. लाला अमरनाथ यांनी ११८ धावा करून भारताचे पहिले कसोटी शतक झळकविले, तेव्हा दुसऱ्या टोकाला नायडू होते. त्यांच्या स्वतःच्या ६७ धावा होत्या आणि या जोडीने १८६ धावांची भागीदारी रचली. त्याच मालिकेत कोलकात्याच्या कसोटीत धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी पदार्पण केले. नागपुरात जन्मलेले दोघे सख्खे भाऊ एकाच वेळी भारतीय संघात होते. पण नागपूरच्या संघाची मात्र कोठेही दखल नव्हती.

त्यानंतर राजकारणाने पुन्हा डोके वर काढले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधारपद विजयानगरमचे महाराजकुमार ऊर्फ विझी यांना मिळाले. क्रिकेटपटू म्हणून विझी यांची योग्यता नायडू यांच्या आसपासही नव्हती. गटबाजीने पोखरलेल्या त्या दौऱ्यातून लाला अमरनाथ यांना मध्येच मायदेशी परत पाठविण्यात आले. अशा वातावरणात चाळीस वर्षांच्या नायडू यांनी ओव्हल कसोटीच्या दुसऱ्या डावात, गबी ॲलन यांच्या वेगवान चेंडूचा मार अंगावर झेलून, ८१ धावा केल्या. ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या आणि तोच त्यांचा अखेरचा कसोटी सामना. ७ कसोटी, ३५० धावा आणि ९ बळी एवढेच आकडे त्यांच्या नावावर राहिले. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला तेव्हा त्यांची उमेदीची वर्षे मागे पडली होती, हे लक्षात घेतल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

होळकरांचा सुवर्णकाळ

कसोटी कारकीर्द संपली, तरी नायडू यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य अद्याप बाकी होते. १९३४ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली आणि धर्माऐवजी प्रांत हा संघाचा पाया झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडचा संघ पहिल्या वर्षापासून या स्पर्धेत होता. इंदूरकडील खेळाडू आरंभी मध्य भारत संघाकडून खेळत. १९४१-४२ पासून होळकर हा स्वतंत्र संघ रणजी स्पर्धेत उतरला. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा त्याला भक्कम पाठिंबा होता आणि संघबांधणीची सूत्रे कर्नल नायडू यांच्या हाती होती.

इंदूर हे मुंबई-कोलकात्याच्या तुलनेत लहान शहर. तरीही पुढची चौदा वर्षे या शहराच्या संघाने देशाच्या क्रिकेटवर हुकूमत गाजविली. चौदा मोसमांत होळकर संघाने दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ असे चार वेळा विजेतेपद पटकावले. मुंबईसारख्या बलाढ्य संघाला एवढी सातत्यपूर्ण टक्कर त्या काळात दुसऱ्या कोणी दिली नाही.

हा संघ उभा राहिला तो खेळाडूंची पारख आणि शिस्त या दोन गोष्टींवर. इंदूरच्या मुश्ताक अली यांना नायडू यांनी शाळकरी वयातच हेरले. हेच मुश्ताक अली १९३६ मध्ये मँचेस्टरला परदेशातील पहिले कसोटी शतक ठोकणारे भारतीय फलंदाज ठरले. सागरचे चंदू सरवटे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, खंडू रांगणेकर, माधवसिंह जगदाळे असे गुणी खेळाडू इंदुरात एकत्र आले. डावखुरे फिरकी गोलंदाज हिरालाल गायकवाड हे तर जन्माने नागपूरचेच. १९५२ मध्ये ते पाकिस्तानविरुद्ध एक कसोटी खेळले. सी. के., सी. एस. आणि हिरालाल अशा नागपुरात जन्मलेल्या तीन कसोटीपटूंनी होळकरांची टोपी घातली, ही बाब विदर्भातील क्रिकेटप्रेमींनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कर्नलची शिस्त लष्करी होती. सरावाला उशीर, क्षेत्ररक्षणातील ढिलाई किंवा दुखापतीचे निमित्त यांना त्यांच्यापुढे थारा नव्हता. सहकाऱ्यांना त्यांचा धाक वाटे. पण जे ते इतरांकडून मागत, ते स्वतः आधी करून दाखवीत. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध सी. एस. नायडू यांनी दोन डावांत मिळून तब्बल ९१७ चेंडू टाकले. थोरल्या भावाने धाकट्याला दिवसेंदिवस गोलंदाजी करायला लावली आणि धाकट्याने ती केली. युद्धकाळात भारतात नेमणुकीवर आलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन यांनी त्याच सामन्यात होळकरकडून नाबाद २४९ धावा केल्या. एवढे करूनही होळकर संघ हरला.

पुढच्याच मोसमात या पराभवाची भरपाई झाली. उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या डावात सहा जणांनी शतके झळकविली आणि त्या सहांपैकी एक होते स्वतः सी. के. त्यानंतर बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात पन्नास वर्षांच्या कर्णधाराने २०० धावांची खेळी केली. प्रथम श्रेणीतील ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या. ज्या वयात बहुतेक खेळाडू आठवणी सांगत बसतात, त्या वयात त्यांनी आपल्या संघाला पहिले विजेतेपद मिळवून दिले.

१९५१-५२ चा अंतिम सामना मुंबईविरुद्ध होता. दत्तू फडकर यांचा एक चेंडू नायडू यांच्या तोंडावर आदळला आणि दात पडले. छप्पन्न वर्षांचे कर्नल उपचारासाठी तंबूत परतले नाहीत. पडलेले दात त्यांनी खेळपट्टीवरून बाजूला केले, पुन्हा पवित्रा घेतला आणि अर्धशतक पूर्ण केले. होळकर संघ तो सामना मोठ्या फरकाने हरला. परंतु स्मरणात राहिली ती कर्नलची ही जिद्द.

संस्थान गेले, संघही गेला

जो संघ एका दरबाराच्या आधारावर उभा राहतो, तो त्या दरबाराबरोबरच मावळतो. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झाले. तनखे आणि पदव्या काही काळ टिकल्या, पण खेळाडूंना पोसणारी व्यवस्था संपत आली. १९५४-५५ मध्ये होळकर संघ अखेरच्या वेळी अंतिम फेरीत पोहोचला. इंदुरात झालेल्या त्या सामन्यात मद्रासने ४६ धावांनी बाजी मारली आणि होळकर हे नाव रणजी स्पर्धेतून कायमचे पुसले गेले. पुढे राज्य पुनर्रचनेनंतर इंदूरचे क्रिकेट मध्य प्रदेशच्या संघात सामावले. या शहराला पुन्हा रणजी करंडक पाहण्यासाठी मध्य प्रदेशने २०२२ मध्ये विजेतेपद मिळवेपर्यंत, म्हणजे जवळपास सात दशके, थांबावे लागले.

नायडू स्वतः मात्र थांबले नाहीत. १९५३-५४ च्या मोसमात ते आंध्रकडून खेळले. १९५६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. हा सन्मान मिळविणारे ते पहिले क्रिकेटपटू. त्यानंतर १९५६-५७ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी उत्तर प्रदेशचे नेतृत्व केले आणि राजस्थानविरुद्ध ८४ धावा काढल्या. या खेळीत विनू मांकड यांच्या गोलंदाजीवर मारलेल्या दोन षटकारांचा समावेश होता. राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

१९६३-६४ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्या संघांदरम्यान निधीसाठी प्रथम श्रेणी सामना झाला. अडुसष्ट वर्षांचे सी. के. नायडू राज्यपालांच्या संघाकडून मैदानात उतरले. हा त्यांचा अखेरचा प्रथम श्रेणी सामना आणि तो झाला नागपुरात. १९१६ मध्ये जन्मगाव सोडून मुंबईत पदार्पण केलेला खेळाडू सत्तेचाळीस वर्षांनी आपल्याच गावात शेवटचा डाव खेळला. २०७ प्रथम श्रेणी सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी अशी भरगच्च शिदोरी त्यांनी मागे ठेवली. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरात त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, नागपुरात पहिला कसोटी सामना झाला. भारताच्या पहिल्या कसोटी कर्णधाराला आपल्या जन्मगावी कसोटी सामना पाहण्याचे भाग्य लाभले नाही.

विदर्भाची प्रतीक्षा

नायडू यांनी मागे सोडलेल्या नागपूरच्या क्रिकेटचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय ही कहाणी पूर्ण होत नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या संघाला रणजी विजेतेपद कधीच मिळाले नाही. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात आले. क्रिकेटमध्ये मात्र विदर्भाचे वेगळे अस्तित्व कायम राहिले आणि १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ रणजी स्पर्धेत खेळू लागला. त्यामुळे एकाच महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. बुलडाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या मुलांसाठी विदर्भाचा संघ हा मोठ्या क्रिकेटचा दरवाजा ठरला. पण कित्येक दशके या संघाची गणना दुबळ्या संघांत होत राहिली. गुणी खेळाडूने नोकरीसाठी अन्यत्र जावे, ही नायडू यांच्या काळची रीतही लवकर संपली नाही.

चित्र बदलले ते स्थानिक पातळीवर अकादमी, चांगली मैदाने आणि वयोगटांच्या स्पर्धा उभ्या राहिल्यावर. नोव्हेंबर २०११ मध्ये उमेश यादव हा विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू ठरला. नागपूरजवळच्या वलनी कोळसा खाणीतील कामगाराचा हा मुलगा. ज्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी घुग्घुस परिसरात आहेत, त्याच कंपनीच्या वसाहतीत तो वाढला. कॉर्कच्या आणि टेनिसच्या चेंडूवर वसाहतीच्या मैदानात खेळणाऱ्या मुलाला थेट भारतीय संघात जाता येते, ही गोष्ट खाणपट्ट्यातील घराघरांत पोहोचली. केंब्रिजमध्ये शिकलेल्या न्यायाधीशाच्या मुलापासून खाण कामगाराच्या मुलापर्यंत या प्रदेशातील क्रिकेटने केलेला प्रवास येथे दिसतो. पहिल्याला महाराजांचे बोलावणे यावे लागले. दुसऱ्याला स्वतःच्या प्रदेशाचा संघ होता.

२०१७-१८ च्या मोसमात फैज फजल यांच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने प्रथमच रणजीची अंतिम फेरी गाठली. रजनीश गुरबाणी यांची हॅट्ट्रिक आणि अक्षय वाडकर यांचे शतक यांच्या बळावर दिल्लीला नमवून १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने रणजी करंडक उंचावला. हा सामना झाला तो इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. कर्नल नायडू यांच्या निधनाला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने विजेतेपद राखले आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्धच्या आघाडीच्या जोरावर तिसऱ्यांदा करंडक जिंकला.

नवोदितांसाठीची राष्ट्रीय स्पर्धा सी. के. नायडू यांच्या नावाने खेळली जाते. क्रिकेट नियामक मंडळाचा जीवनगौरव पुरस्कारही १९९४ पासून त्यांच्या नावाने दिला जातो. मात्र विदर्भातील मैदानांवर सराव करणाऱ्या नव्या पिढीला हे नाव बहुतांशी पुरस्कारापुरतेच ठाऊक आहे. हा माणूस नागपूरच्या शाळेतून निघाला, धर्माच्या, दरबाराच्या, प्रांताच्या आणि देशाच्या संघांतून खेळला आणि शेवटचा सामना खेळायला नागपुरातच परतला, हे त्या पिढीपर्यंत पोहोचायला हवे. संघ नसल्यामुळे गावाने काय गमावले, याची जाण ठेवली, तर आज हाती असलेल्या संघाचे मोल अधिक कळेल.